एका वाकड्या रेघेचे रसग्रहण

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. समुद्राच्या बाबतीत ही मनाई पाळण्याचे कारण नाही. खोल समुद्रातले पाणी आपले मूळ अंगावर वागवत असते, आणि ते वाचण्याची एक देखणी रीत नॉर्वेच्या बियॉर्न हेलांड-हान्सेन या समुद्रवैज्ञानिकाने १९१६ साली दाखवून दिली. आडव्या अक्षावर क्षारता, उभ्या अक्षावर तापमान. एका जागी जहाज थांबवून पृष्ठभागापासून तळापर्यंत जितक्या खोलींवर पाणी मोजले, तितके ठिपके कागदावर मांडायचे आणि खोलीच्या क्रमाने जोडायचे. जी रेघ मिळते तिला टी-एस (टेंपरेचर-सॅलिनिटी) आलेख म्हणतात.

विज्ञानाने काढलेल्या चित्रांपैकी मला सर्वांत आवडणारे चित्र हेच, आणि आवडण्याचे पहिले कारण म्हणजे त्यातून काय काय गाळले आहे ते. यात नकाशा नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, तारीख नाही. खोलीचा अक्षदेखील नाही. समुद्राचे चित्र काढायचे आणि त्यातून खोलीच वगळायची, याला धाडस लागते. पण त्यामागचा विचार पक्का आहे. समुद्राच्या पोटातही लाटा असतात, पृष्ठभागावरच्या लाटांहून कितीतरी उंच आणि संथ. त्यांच्यामुळे एखादा थर सकाळी दोनशे मीटरवर सापडतो, तर दुपारी आणखी वीस-तीस मीटर खाली. खोली धरून आलेख काढले तर एकाच जागचे दोन आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. तापमान आणि क्षारता यांची जोडी मात्र थराबरोबर वर-खाली जाते. ती मोडत नाही. खोली गाळली की ही सारी हेलकावणी चित्रातून निघून जाते आणि पाण्याचा स्वभाव तेवढा उरतो.

जोडी मोडत का नाही? ऊन, वारा, पाऊस, बाष्पीभवन, बर्फ यांचा सगळा कारभार पृष्ठभागावर चालतो. पाणी एकदा खाली गेले की त्याला तापवणारे किंवा खारवणारे जवळजवळ कोणी उरत नाही. दाबाने ते किंचित तापते, पाच हजार मीटरांवर तीन-चार दशांश अंश, पण तेवढे हिशेबाने वजा करता येते. मग बदल घडवणारी एकच गोष्ट राहते, शेजारच्या पाण्यात मिसळणे. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घातले की तापमान दोहोंच्या मधे कुठेतरी, प्रमाणानुसार, येऊन थांबते. क्षारतेचेही तसेच. म्हणून दोन पाण्यांचे कोणतेही मिश्रण आलेखावर त्या दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच पडते. एवढा एक नियम हाताशी असला की पुढचे सगळे वाचता येते. रेघ सरळ आहे तिथे दोनच जलराशी भेटल्या आहेत. रेघ वाकली, की तिथे तिसरे कोणीतरी आहे.

हा आलेख कुठल्याही समुद्राचा काढता येतो. पण त्याची खरी परीक्षा ध्रुवांजवळ होते, कारण जगातल्या खोल समुद्राचे बहुतेक पाणी तिथे जन्माला येते, आणि तिथले फरक फार बारीक असतात.

आधी उत्तर ध्रुवाकडचा आलेख घेऊ. तो हेलांड-हान्सेनच्याही आधी, कागदावर न उतरताच, नॉर्वेचाच ध्रुवसंशोधक फ्रिट्योफ नान्सेन याच्या हाती आला होता. ‘फ्राम’ हे जहाज नान्सेनने १८९३च्या सप्टेंबरात सायबेरियाच्या उत्तरेला मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि बर्फाबरोबर वाहू दिले. ऑगस्ट १८९६मध्ये ते स्पिट्सबर्गेनजवळ मोकळे झाले. ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असणार या समजुतीने निघालेल्या या मंडळींकडे पुरेशी लांब दोरी नव्हती. मग त्यांनी जहाजावरचा एक पोलादी दोर उसवला, त्याचे पदर सुटे केले आणि ते पुन्हा वळून चार-पाच हजार मीटरांची मोजणीची दोरी तयार केली. कडाक्याच्या थंडीत, बर्फावर उभे राहून. त्या दोरीने तळ लागला तो तीन हजार मीटरांच्याही खाली. आर्क्टिक महासागर खोल आहे हे जगाला त्या दिवसांत कळले.

दोरीच्या जोडीला उलटा होणारा तापमापक होता, आणि त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खोल पाण्यात सोडलेला साधा तापमापक वर आणताना मधल्या थरांतून जातो आणि वाटेत त्याचा आकडा बदलतो. या तापमापकाची केशनळी एके ठिकाणी मुद्दाम अरुंद आणि वाकडी केलेली असते. हव्या त्या खोलीवर नळकांडे पालथे होते, पारा त्या अरुंद जागी तुटतो, आणि तुटलेला धागा दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. त्या क्षणाचे तापमान तिथेच कोंडले जाते. मग दोरी सावकाश ओढली तरी चालते. पुढच्या काळात नान्सेनच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या बाटलीत हा तापमापक बसवला गेला. वरून दोरीवर पितळेचे वजन सोडायचे, ते घसरत जाऊन कळीवर आदळते, बाटली उलटते, झडपा मिटतात आणि खालची बाटली उलटवायला दुसरे वजन सुटते. जहाजाच्या काठावर उभे राहून दोरीला बोट लावले की खोल पाण्यातला तो ठोका बोटाला जाणवतो. पुढे सीटीडी नावाचे विजेवर चालणारे उपकरण आले आणि आता पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब सेकंदाला अनेक वेळा मोजले जातात. पण विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग खोल समुद्राविषयी माणसाला जे कळले ते या तुटलेल्या पाऱ्यावरून.

आता आर्क्टिकची रेघ. सुरुवात डाव्या कोपऱ्यात, खाली. गोठणबिंदूला टेकलेले थंड पाणी, आणि क्षारता अगदी कमी, कारण सायबेरियाच्या मोठ्या नद्या आपले गोडे पाणी इथेच आणून टाकतात. तिथून रेघ उजवीकडे सरकते, मग वर चढते, शून्य अंश ओलांडते. दोनशे मीटरांच्या खाली पाणी वरच्यापेक्षा उबदार आहे. नान्सेनला हेच दिसले होते: बर्फाच्या, थंड पाण्याच्या खाली सातशे-आठशे मीटर जाडीचा उबदार थर. हे अटलांटिकचे पाणी. नॉर्वेच्या किनाऱ्याने वर येऊन ते स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेकडून आत शिरते. उबदार असूनही ते खाली जाते, कारण ते खारट आहे आणि म्हणून जड. सुमारे नऊशे मीटरांच्या खाली रेघ पुन्हा शून्याखाली उतरते आणि जवळजवळ उभी, सरळ, उणे एक अंशाच्या अलीकडे जाऊन थांबते.

रसिकाने थांबावे ती जागा या चढाच्या आधीची आहे. वरचे गोडसर पाणी आणि खालचे अटलांटिकचे पाणी एवढे दोघेच असते, तर मधली रेघ सरळ, तिरकी चढली असती. ती तशी चढत नाही. ती बराच वेळ गोठणबिंदूला चिकटून आडवी चालते. क्षारता वाढत राहते, तापमान हलत नाही. मग एकदम वळते. त्या वळणाच्या पोटात तिसरे पाणी आहे, थंड आणि तरीही खारट. ते कुठून आले? या वळणाचा उलगडा ऑगार्ड, कोचमन आणि कारमॅक यांनी १९८१ साली मांडला. भोवतालच्या उथळ भूखंडमंचांवर हिवाळ्यात समुद्र गोठतो. गोठताना बर्फ बहुतेक मीठ बाहेर टाकतो. ते मीठ खालच्या, गोठणबिंदूवरच्या पाण्यात उतरते, आणि ते जड झालेले पाणी कडेकडेने घसरत मध्य आर्क्टिकमध्ये, वरच्या आणि खालच्या थरांच्या मधे, जाऊन पसरते. तरंगत्या बर्फाला हाच थर राखतो. खालच्या अटलांटिक पाण्यात तो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता साठलेली आहे, आणि ती वर येत नाही याचे मोठे कारण कागदावरच्या त्या एका वळणात आहे. समुद्रविज्ञानात याहून सुंदर वळण मला माहीत नाही.

नान्सेनला हे वळण दिसणे कठीणच होते, कारण ‘फ्राम’वरची क्षारतेची मोजमापे पुरेशी नेमकी नव्हती. खोल पाण्याची क्षारता त्याने प्रत्यक्षाहून जास्त नोंदवली होती. हे त्याच्या ध्यानात आले, आणि पुढची कित्येक वर्षे त्याने नेमकेपणाचा ध्यास घेतला. हेलांड-हान्सेनबरोबर १९०९ साली प्रसिद्ध केलेला ‘द नॉर्वेजियन सी’ हा ग्रंथ त्या ध्यासाचे फळ आहे. त्या समुद्राच्या तळाचे पाणी सगळीकडे जवळपास ३४.९२ क्षारतेचे, म्हणजे एक किलो पाण्यात ३४.९२ ग्रॅम क्षार, हे त्यांनी दाखवले. दुसऱ्या दशांश स्थळाला इतका मान आधी कोणी दिला नव्हता. ज्यांना हा अतिरेक वाटतो त्यांना मी सांगेन की खोल समुद्राची सगळी कथा त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थळातच लिहिलेली आहे. पहिल्या स्थळात काहीच घडत नाही.

नान्सेनचे आणखी एक वाचन चुकले, पण त्याची रीत अचूक होती. आर्क्टिकच्या तळाचे पाणी ग्रीनलंड आणि नॉर्वेजियन समुद्राच्या तळापेक्षा किंचित उबदार. मग मधे पाणी अडवणारी एखादी बुडालेली डोंगररांग असली पाहिजे, असे त्याने ठरवले. प्रत्यक्षात तिथली फ्राम सामुद्रधुनी सुमारे अडीच हजार मीटर खोल आहे. तरी तळाच्या तापमानावरून न दिसणारे डोंगर ओळखण्याची ही पद्धत इतरत्र खरी उतरली. दक्षिण अटलांटिकच्या पूर्व खोऱ्यातले तळाचे पाणी पश्चिम खोऱ्यातल्यापेक्षा उबदार का, याचे उत्तर वॉल्व्हिस रांगेत आहे. दक्षिणेकडून येणारे गार पाणी ती रांग अडवते.

ग्रीनलंड समुद्राचा हिवाळ्यातला आलेख मला याहूनही विलक्षण वाटतो. रोआल्ड आमुंडसेनने १९०१ साली ‘यआ’ या छोट्या जहाजावरून उत्तरेकडच्या समुद्रांत मोजमापे केली होती, आणि ती १९०६ साली नान्सेनने अभ्यासून मांडली. पृष्ठभागावरच्या पाण्याची जोडी तळाच्या जोडीशी जवळपास जुळत होती. म्हणजे तळाचे पाणी इथेच, हिवाळ्यात, वरून खाली उतरत असले पाहिजे. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. समुद्राचे पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते, म्हणून ते थंडीत बुडू शकते. कडक हिवाळ्यात हे बुडणे खोलवर पोचले की टी-एस आलेखाची रेघ आकसत जाते आणि शेवटी जेमतेम एक ठिपका उरतो. हजारो मीटर समुद्र, आणि कागदावर एक ठिपका. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले बुडणे पूर्वीइतके खोल जात नाही आणि तळाचे पाणी हळूहळू उबदार होत चालले आहे. तो ठिपका आता पूर्वीच्या जागी पडत नाही.

आता दक्षिणेकडे, अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात. ‘डॉइचलँड’ हे जर्मन जहाज १९१२ साली तिथल्या बर्फात अनेक महिने अडकले होते. त्यावरच्या विल्हेल्म ब्रेनेकेने मोजमापे घेतली आणि अंटार्क्टिकाच्या तळपाण्याचा उगम इथे आहे हे ओळखले. पुढे नॉर्वेच्या हाकोन मॉस्बीने १९३४ साली त्या विचाराला बळकटी दिली.

वेडेलची रेघ डावीकडून, हिवाळ्यातल्या पाण्यापासून निघते: उणे १.८ अंश, क्षारता ३४.४च्या पुढेमागे. मग उजवीकडे वर, सुमारे अर्ध्या अंशाच्या उबदार खोल पाण्यापर्यंत. तिथून ती खाली वळते आणि किंचित डावीकडे झुकत तळाशी उणे ०.८ अंशापर्यंत येते. इथे ठिपके संपतात, जहाजाची दोरी तळाला लागलेली असते. पण वाचन इथे संपत नाही. पेन्सिल घ्यायची, शेवटच्या ठिपक्यांची दिशा धरायची आणि रेघ पुढे वाढवायची. कारण तळाचे पाणी स्वतःच मिश्रण आहे. त्याचा एक पालक वर दिसला, दुसरा त्याच सरळ रेषेवर पुढे कुठेतरी असणार. वाढवलेली रेघ उणे दोन अंशांच्याही खाली जाते, क्षारता ३४.६च्या जवळ.

आणि इथे वाचणारा दचकतो. समुद्राचे पाणी उणे १.९ अंशाला गोठते. त्याहून थंड पाणी द्रवरूपात कसे असेल? उत्तर किनाऱ्याला चिकटून तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराखाली, म्हणजे आइस शेल्फखाली आहे. भूखंडमंचावर समुद्र गोठताना बाहेर पडलेल्या मिठाने जड झालेले पाणी आधी त्या शेल्फच्या खाली, आत, शेकडो मीटर खोल शिरते. दाब वाढला की गोठणबिंदू खाली जातो, दर हजार मीटरांना सुमारे पाऊण अंश. त्यामुळे उणे १.९ अंशाचे पाणीदेखील तिथे बर्फाला ‘गरम’ लागते. ते बर्फ वितळवते, वितळवताना स्वतः गार होते आणि थोडे गोडही. आलेखावर हा उतारही सरळ रेषेचा: क्षारतेच्या एका एककामागे सुमारे अडीच अंश. नॉर्वेच्या हेरमान गादे यांनी १९७९ साली हे गणित मांडले. हा उतार कागदावर दिसला की पाणी बर्फाखालून जाऊन आले आहे हे ओळखावे. मग ते फिल्चनर शेल्फच्या बाजूने बाहेर पडते, उताराने कोसळते, वाटेत उबदार खोल पाणी ओढून घेते आणि जगातल्या महासागरांचा तळ व्यापायला निघते. माणूस जिथे जाऊ शकत नाही त्या अंधाऱ्या पोकळीची खूण एका वाढवलेल्या पेन्सिलरेघेवर मिळते. हे मला आजही थरारून टाकते.

या आलेखाला एक पार्श्वभूमी असते, समघनता रेषांची, म्हणजे सारख्या घनतेचे बिंदू जोडणाऱ्या रेषांची. त्या वाकलेल्या असतात आणि हे वाकणे फार महत्त्वाचे. उबदार भागात त्या तिरक्या असतात. गोठणबिंदूजवळ जवळजवळ उभ्या होतात. म्हणजे ध्रुवीय समुद्रात कोण बुडेल हे थंडी फारसे ठरवत नाही, मीठ ठरवते. शिवाय या रेषा पृष्ठभागावरच्या दाबाने काढल्या तर एक चकवा तयार होतो: दक्षिण अटलांटिकमध्ये उत्तरेकडचे खोल पाणी अंटार्क्टिकाच्या तळपाण्यापेक्षा जड दिसते, आणि जड पाणी हलक्यावर तरंगते आहे असा भास होतो. थंड पाणी दाबाखाली जास्त आवळते. चार हजार मीटरांचा दाब धरून रेषा काढल्या की त्या कलतात आणि सगळे जागच्या जागी बसते. चांगल्या आलेखावर कोणत्या दाबाच्या रेषा आहेत हे लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर त्या आलेखावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंटार्क्टिकाच्या तळपाण्याचे कारखाने बरीच वर्षे तीन मानले जात: वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अॅडेली किनारा. जपानच्या ओशिमा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली चौथा दाखवला, केप डार्न्लीजवळचा. तिथे वारा नवा बर्फ सतत दूर ढकलतो, त्यामुळे पाणी उघडे राहते, पुन्हा गोठते, पुन्हा मीठ खाली सोडते. अशा उघड्या जागेला पोलिन्या म्हणतात. काही नोंदी डोक्यावर उपकरणे चिकटवलेल्या एलिफंट सीलनी आणल्या, कारण हिवाळ्यात तिथे जहाज जात नाही. हे ठिकाण आपल्याला वाटते तितके परके नाही. केप डार्न्ली प्रिड्झ उपसागराच्या पश्चिम टोकाला आहे, आणि त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र २०१२पासून उभे आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोहून चालतो, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. उत्तरेकडे स्वालबार्डच्या कोंग्सफ्योर्डमध्ये याच केंद्राने २०१४ साली ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी पाण्यात सोडली. अटलांटिकचे ते उबदार पाणी फ्योर्डमध्ये कधी आणि किती शिरते, हे ती नोंदवते.

आणखी एक नाते आहे, अधिक जवळचे. अरबी समुद्र उत्तरेला आशियाने बंद केला आहे. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांतून येणारे खारट पाणी वरच्या हजारभर मीटरांत राहते. मग रत्नागिरी-मालवणसमोरच्या खोल समुद्राच्या तळाशी, पृष्ठभाग अठ्ठावीस अंशांवर असताना, दोन अंशांच्या आसपास गार पाणी कुठून आले? त्याला दक्षिणेकडूनच येता येते. वाटेत ते अनेक पाण्यांत मिसळलेले असते, पण त्याचा गारवा अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यांचा आहे. आपल्या किनाऱ्यासमोरचा टी-एस आलेख काढला तर रेघेची खालची शेपटी त्या दिशेला बोट दाखवते.

पण हे दक्षिणेकडचे पाणी स्वतःही बदलते आहे. रॉस समुद्रातले भूखंडमंचावरचे पाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दर दशकाला सुमारे ०.०३ने गोडे होत गेले आणि २०१४नंतर काही वर्षे पुन्हा खारट झाले. दक्षिण महासागराच्या तळाचे पाणी १९९०च्या दशकापासून तापत आहे. हे फरक इतके लहान आहेत की नान्सेनच्या दुसऱ्या दशांश स्थळाशिवाय ते दिसलेच नसते. ही मोजणी थांबता कामा नये. जहाजांचा खर्च मोठा असतो, आणि तळाचे पाणी मोजायला जाणारी जहाजे फार थोडी उरली आहेत. सहा हजार मीटरांपर्यंत उतरणारे नवे तरंगते आर्गो यंत्र काही भार उचलते, पण त्याच्या नोंदी पडताळायला जहाजच लागते.

वाचकांना एक विनंती आहे. हा आलेख दुसऱ्याने काढलेला पाहण्यापेक्षा स्वतः काढून पाहावा. आर्गोच्या आणि जुन्या मोहिमांच्या नोंदी कोणालाही मोफत मिळतात, आणि ‘ओशन डेटा व्ह्यू’ हे सॉफ्टवेअरही. आलेखकागद आणि पेन्सिल असेल तर तेही पुरे. मध्य आर्क्टिकमधले एक स्थानक घ्या, वेडेल समुद्रातले एक घ्या, तिसरे अरबी समुद्रातले. तळापासून वर वाचत या. मात्र दक्षिणेकडच्या आलेखात क्षारतेचा अक्ष ३४ ते ३५ एवढाच ताणून घ्या. शून्यापासून सुरू केलात तर काहीच दिसणार नाही.